पिण्यास योग्य

आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं म्हणून तुरुंग इथे आला, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. लग्न होऊन मी नुकतीच या घरात आले होते. एक दिवस तीन साहेब जीपमधून उतरले, सासऱ्यांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि मी आतून पाणी नेऊन दिलं. त्यातल्या जाड्या साहेबाने पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला आणि बरोबरच्याला म्हणाला, "लिहून घ्या, पाण्याची सोय उत्तम." सहा महिन्यांत समोरच्या माळावर पाया खणायला सुरुवात झाली. सासरे वर्षभर येईल-जाईल त्याला सांगत होते, "सरकारला आमची विहीर आवडली." त्यांना त्याचा केवढा अभिमान!

तेव्हा आत चारशे कैदी होते. त्यांना शेतावर कामाला काढत आणि दुपारी आमच्या विहिरीवर आणत. मी वरून राहाट ओढायची, ते ओंजळीने प्यायचे. एक उंच कैदी होता. तो रोज कठड्यावरून खाली वाकायचा आणि पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाला विचारायचा, "काय राव, सुटलात का नाही अजून?" पहारेकरीसुद्धा हसायचे. खाली इतकं नितळ दिसायचं की त्याच्या पडलेल्या दाताची फटही मला वरून दिसे.

आता आत दोन हजार माणसं आहेत. मैल्याची तळी मात्र चारशे माणसांच्या हिशोबाने बांधलेली, तीच. तळी भिंतीच्या आत, उताराच्या वरच्या अंगाला. त्यांच्यापासून आमची विहीर पावलांनी मोजली तर एकशे साठ. मी मोजली आहेत. तळी भरली की मागच्या दारातून चर काढून सोडून देतात, आणि तो चर आमच्या बांधापर्यंत येऊन जमिनीत जिरतो. आधी वास आला. मग एका उन्हाळ्यात पंपातून साबणासारखा फेस आला. आम्ही अर्ज केले. मी स्वतः नऊ लिहिले, नातवाने दोन. एका अर्जाला उत्तर आलं होतं, की आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. तो संबंधित विभाग कोणता, हे विचारायला मी दहावा अर्ज लिहायला घेतला आणि मग म्हटलं, जाऊ दे, शाई वाया.

आम्ही ते पाणी पीत राहिलो. दुसरं होतं कुठे? माझा मुलगा फार पूर्वी शहरात कारखान्यात गेला आणि तिकडचाच झाला. नातू मात्र शेतीसाठी परत आला, लग्न केलं, आणि या वर्षी त्याला मुलगी झाली. या घरात पन्नासहून अधिक वर्षांनी पाळणा हलला. तिला आम्ही सगळे चिमी म्हणतो.

नातसुनेला बाळंतपणात फार त्रास झाला. ऑपरेशन करावं लागलं, दूध आलं नाही. त्यामुळे चिमीला डब्याचं दूध. नातसून पाणी वीस वीस मिनिटं उकळायची, मी म्हणायचे, "अगं, पाणी आटवून बासुंदी करतेस की काय?" सहाव्या आठवड्यात चिमीचे ओठ निळसर दिसायला लागले. मला वाटलं गारठली असेल, मी दुलई ओढली. नातसुनेने दुलई काढून टाकली आणि तिला घेऊन थेट दवाखान्यात गेली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आधी वय विचारलं आणि लगेच म्हणाल्या, "पाणी कुठलं?"

"विहिरीचं. पण उकळून."

"उकळल्याने जंतू मरतात. हे नायट्रेट आहे, मैल्यातून, खतातून येतं. ते मरत नाही. उकळून पाणी कमी होतं, हे तेवढंच राहतं. म्हणजे उलट घट्ट होतं. तुम्ही बाळाला घट्ट करून पाजत होतात."

चिमीला दोन दिवस ठेवून घेतलं आणि बरं वाटलं. नातसुनेला मात्र चैन नव्हतं. घट्ट करून पाजत होतात, हे तिच्या मनातून जात नव्हतं. नर्सबाई फटकळ पण भल्या. त्यांनी पाणी खात्याला स्वतः चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला समजावलं, की खात्याने विहिरीचा नमुना तपासून 'अयोग्य' असा शेरा दिला की घराला नळ द्यावाच लागतो, तसा नियम आहे. आणि नळ काही लांबून आणायचा नव्हता. धरणाची मोठी पाइपलाइन आमच्या दारावरून जाते. ती तुरुंगासाठी आहे. आत कैद्यांना आणि शेजारच्या वसाहतीत पहारेकऱ्यांना धरणाचं पाणी. त्यांची स्वतःची विहीर त्यांनी कधीच बुजवली. म्हणजे त्यांना कळलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, इतकंच.

नळ येईपर्यंत काय करायचं, त्याची सोय वसाहतीतल्या एका बाईने केली. तिचा नवरा तुरुंगावर पहारेकरी. ती रोज सकाळी आमच्याकडे दुधाला यायची. वसाहतीच्या फाटकावर मोठी पाटी आहे, की इथलं पाणी बाहेर नेण्यास सक्त मनाई. चिमीचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी ती दोन्ही हातांत दुधाच्या बरण्या घेऊन आली. मी झाकण उघडलं तर आत पाणी.

"काकू, येताना पाणी, जाताना दूध. फाटकावरच्याला वाटतं रिकाम्या बरण्या आहेत."

"आणि त्याने हातात घेऊन बघितल्या तर?"

"तो खुर्चीतून उठतो कधी? त्याला उठवायला दंगल व्हावी लागेल."

अशी आमच्या घरात दोन पाणी झाली. स्वयंपाकघरात फळीवर पितळेचं पिंप, त्यात धरणाचं. खाली निळा प्लास्टिकचा ड्रम, त्यात विहिरीचं. पिंपातलं चिमीच्या दुधाला, तिच्या बाटल्या धुवायला आणि कुणी आलं-गेलं तर त्याला. ड्रममधलं आम्हाला. पाहुण्याला पिंपातलं द्यायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. मीच देत होते. पाहुण्याने माझ्या हातून पुन्हा वाईट पाणी पिऊ नये, एवढंच.

खात्याचा माणूस चार आठवड्यांनी आला. आम्ही त्याला बाटलीवाला म्हणायला लागलो होतो, कारण रोज फोन केला की कार्यालयातून तेच उत्तर मिळे, "बाटल्या घेऊन येईल माणूस." सकाळी दहा ते संध्याकाळी पाच यांमध्ये कधीही येईल असं कळवलं होतं. नातू भाजी घेऊन बाजारात गेला होता, नातसून चिमीला लस टोचायला. मी अंगण दोनदा झाडलं. साडेतीनला तो मोटरसायकलवरून आला, घामाने निथळत. पोरगेलासा, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर नमुन्यांसाठी बर्फाचा डबा.

"आजी, पंप चालू करा. पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग भरायचं."

"वीज दोनलाच गेली."

"मग बादलीने काढू."

विहिरीवर लोखंडी जाळी आहे, ती चार नटांनी आवळलेली, आणि पाना नातवाच्या गाडीत. राहाट तर कधीच भंगारात गेला. मी सगळं सांगितलं. त्याने घड्याळ बघितलं. त्याला अजून सहा घरं करायची होती.

"घरात भरलेलं असेल ना? पंप बंद असेल तर घरातल्या साठ्यातून घेतलेलं चालतं. त्याआधी प्यायला द्या आजी थोडं. जीव जातोय."

मी आत गेले. पिंपातून तांब्या भरला. तो घटाघटा प्यायला, बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "वा! पाणी तर छान आहे की तुमचं."

काय सांगू, मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांत आमच्या पाण्याला कुणी छान म्हटलं नव्हतं. मी नवीन सून असल्यासारखी खुलले. म्हणाले, "पूर्वी तर याहून गोड होतं." त्याने बाटली पुढे धरली, मी पुन्हा आत गेले, पिंपातून तांब्या भरला आणि बाटलीत ओतला. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. त्याने झाकण लावलं, वर चिठ्ठी चिकटवली, माझा अंगठा नको, सही चालेल म्हणाला, आणि मी वळणदार अक्षरात सही केली.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. नातसुनेने उभ्याउभ्या उघडला. वाचता वाचता ती खाली बसली.

"आजी, यात लिहिलंय पिण्यास योग्य."

"दुसऱ्या कुणाचा असेल. नीट बघ."

"तुमची सही आहे खाली." ती आकडे बघत राहिली. "नायट्रेट जवळजवळ नाहीच. आजी, तुम्ही कुठल्या भांड्यातलं दिलंत त्याला?"

तिने विचारलं तेव्हा मला आठवलं. तोपर्यंत खरोखर मनात आलं नव्हतं. अकरा अर्ज, नर्सबाईंची चिठ्ठी, चार आठवडे फोन, आणि मी त्यांचंच पाणी त्यांना भरून दिलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी चिमीला घेऊन माहेरी जाते."

"अगं, चूक झाली, पुन्हा तपासायला लावू. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे."

"अहवालाचं नाही म्हणत मी. आजी, एका घरात दोन भांडी आहेत आणि माणसाचा हात चुकतो. तुमचा चुकला. उद्या माझा चुकेल, झोप झालेली नसेल तेव्हा. साहेबाला चुकून चांगलं दिलं म्हणून हसता येईल. चिमीला चुकून दुसरं दिलं तर?"

तिचं खरं होतं. पण पाळणा रिकामा होणार हेही सहन होईना. मी तिच्याकडे पंधरा दिवस मागितले, हात जोडून मागितले. नातू मध्ये पडला. ती म्हणाली, "पंधरा. सोळावा नाही. आणि तोपर्यंत पिंपाला तुम्ही हात लावायचा नाही." मी कबूल झाले. माझ्याच स्वयंपाकघरात मला एका भांड्याला बंदी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पाणी खात्याच्या कार्यालयात गेले. तिथे खिडकीमागे एक बाई असते, चष्मा कपाळावर, समोर बिस्किटांचा डबा. तिने अहवाल बघितला आणि अभिनंदन केल्यासारखं म्हणाली, "चांगला आलाय की!"

"चांगला आला हीच तक्रार आहे."

"म्हणजे?"

"पाणी विहिरीचं नव्हतं. माझ्या हातून चुकीच्या भांड्यातलं दिलं गेलं."

"फेरतपासणी एक वर्षाने होते, आजी."

"एक वर्षाने मी असेन का, हे मला माहीत नाही. आणि बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. ते काय वर्षभर तहान धरून बसेल?"

तिने चष्मा खाली घेतला. वाईट बाई नव्हती. खणातून एक पिवळा फॉर्म काढला. "नमुना चुकीचा होता असं तुम्ही लेखी दिलंत तर आठ दिवसांत पुन्हा घेता येतो. पण हा रकाना भरावा लागेल." तिने बोट ठेवलं. रकान्यात छापलं होतं, नमुन्यातील पाण्याचा प्रत्यक्ष स्रोत.

"म्हणजे ते पाणी कुठलं होतं ते?"

"हो."

"विकत आणलेलं."

"मग दुकानाची पावती जोडा."

"पाहुण्यांनी आणलेलं."

"पाहुण्यांचा पत्ता लिहा. सही लागेल त्यांची." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही ना?"

फॉर्म घेऊन मी घरी आले. पहारेकऱ्याची बायको सकाळी दुधाला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने बरण्या खाली ठेवल्या.

"काकू, माझं नाव घातलंत तर यांना नोटीस मिळेल. क्वार्टर जाईल. गेल्या वर्षी एकाने बाहेरच्या चहावाल्याला पाइप जोडून दिला, त्याची बदली कुठे केली माहीत आहे? तिथे शाळा नाही. माझ्या दोन मुली आहेत."

"तुझं नाव नाही घालणार."

"मग काय घालाल?"

"बघते."

"बघते म्हणजे? काकू, तुम्ही साहेबाला पाणी देताना बघितलं नाहीत, आता काय बघणार?" असं म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटलं. "मी जाते. पाणी ओतून घ्या."

ते तिचं शेवटचं पाणी. ओतून घेताना नातसुनेने बरणी उलटी करून शेवटचे थेंब पिंपाच्या काठावर आपटून काढले.

मी दोन दिवस फॉर्म समोर ठेवून बसले. नातू म्हणाला, "नदीचं लिही." नदी चौदा कोसांवर. नातसून म्हणाली, "काहीही लिहा, पण लिहा." दिवस मोजणं चालू होतं, सहा गेले होते. मग मी लिहिलं. रकाना छोटा होता म्हणून अक्षर बारीक काढलं. "तुरुंगाच्या वसाहतीतील सार्वजनिक नळ. पाणी मी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय, चोरून आणले."

खिडकीतल्या बाईने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बिस्किटांचा डबा बंद केला.

"आजी, वय काय तुमचं?"

"एक्याऐंशी."

"फाटकावर पहारा असतो. तुम्ही पाणी नेलंत कसं?"

"हळूहळू."

शेजारच्या टेबलावरचा माणूस खो खो हसला. ती हसली नाही. "हे असं आलं तर मला तुरुंगाला कळवावं लागतं. तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"कळवा. आणि कळवताना हेही लिहा, की म्हातारीला भिंतीच्या आतून पाणी चोरावं लागलं कारण आतला मैला तिच्या विहिरीत येतो. ठेवायचं तर आत ठेवा मला. तिथे नळ आहे."

हे मी रागाने बोलले आणि खिडकीचा कठडा धरून उभी राहिले. तिने स्टूल दिलं. मग फॉर्मवर शिक्का मारला.

बाटलीवाला दहाव्या दिवशी आला. मला बघून तो ओशाळला, बिचाऱ्याला वरून बोलणी बसली होती. त्या दिवशी वीज होती. नातू घरी थांबला होता, जाळी काढलेली, पंप तयार. मला नातसुनेने अंगणातल्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं आणि उठायचं नाही अशी ताकीद दिली होती. त्याने पाच मिनिटं पाणी वाहू दिलं, नळीचं तोंड पुसलं, दोन बाटल्या भरल्या. तोंडाशी फेसाचं कडं जमलं ते त्याने उजेडात धरून बघितलं आणि झाकण घट्ट आवळलं.

तुरुंगाकडून मला पत्र आलं. त्यात माझ्या नावापुढे 'सदर इसम' असं लिहून समज दिली होती, की पुन्हा असा प्रकार घडल्यास कारवाई होईल. पहारेकऱ्याच्या बायकोचं नाव कुठेच आलं नाही. पण फाटकावर आता येणाऱ्या-जाणाऱ्याचं प्रत्येक भांडं उघडून बघतात. तिने निरोप पाठवला, की काकू, राग नाही, पण दूध आता डेअरीतून घेते. तीस वर्षं त्या वसाहतीत दूध जात होतं आमचं. बायका बदलल्या, बरण्या बदलल्या, पण कुणी ना कुणी सकाळी यायचंच. आता सकाळी ओट्यावर कुणी नसतं.

सोळाव्या दिवशी नातसून गेली. निकाल अजून यायचा होता, पिंपात तळाला दोन पेले उरले होते. नातवाने बस स्टँडपर्यंत सोडलं. मी थांब म्हणाले नाही, पण जा असंही तोंडातून निघालं नाही. पाळण्याची दोरी हातात धरून बसले. ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "नळ आला की त्याच दिवशी येते, आजी. बॅगसुद्धा पूर्ण भरलेली नाही मी."

निकाल आला तेव्हा आकडे वाचायला मलाही चष्मा लागला नाही, इतके ठळक होते. असायला हवं त्याच्या चौपट. पिण्यास अयोग्य. मी तो कागद घेऊन लगेच फोन लावला, खिडकीतल्या बाईनेच उचलला.

"नळ कधी?"

"मंजूर झाला आजी! यादीत नाव आलंय तुमचं."

"यादी केवढी आहे?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "काम उताराच्या खालच्या गावापासून सुरू होईल. तुम्ही वरच्या टोकाला. पुढच्या वर्षी धरा."

"पाइप माझ्या दारासमोर आहे. मी ओट्यावरून थुंकले तर त्याच्यावर पडेल."

"तो तुरुंगाचा आहे ना. त्याला फाटा काढायचा तर त्यांची परवानगी लागते. तुम्ही त्यांना एक अर्ज करा."

मी फोन ठेवला नाही, आपटला.

काल खात्याचा रंगारी आला. अयोग्य ठरलेल्या विहिरीवर लाल रंगाने तसं लिहायचा नियम आहे म्हणे. नळाला वर्ष, रंगाला आठवडाही लागला नाही. त्याने कठड्यावर, आमच्या अंगणाकडच्या बाजूला, वीतभर अक्षरं आखली.

"इकडे कुणासाठी लिहितोस?" मी म्हटलं. "आम्हाला माहीत आहे. तिकडून लिही, भिंतीच्या बाजूने. आणि मोठं लिही, वरच्या मनोऱ्यावर जो बंदूक घेऊन उभा असतो त्याला वाचता आलं पाहिजे."

"एवढा रंग दिलेला नाही, काकू."

"माझ्याकडे आहे. दाराला आणलेला उरलाय."

दाराचा रंग हिरवा होता. त्याने डोकं खाजवलं, मग हिरव्याने बाहेरची रेघ ओढून आत लाल भरलं. अक्षरं कमरेएवढी झाली. मनोऱ्यावरचा पहारेकरी बराच वेळ इकडे बघत होता.

रंग वाळत असतानाच नातसुनेचा फोन आला. चिमी पालथी पडायला लागली होती. पलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता, कुणाशी तरी भांडल्यासारखा.

"ऐकलंत ना? आजी, निकाल आला ना आता? हे म्हणत होते नळ मंजूर झाला. मग येऊ का या रविवारी? मला इथे करमत नाही, खरंच. चार दिवस हे पाणी बाजारातून आणतील, तेवढ्यात नळ येईलच की."

नातू समोर उभा होता. तो मान हलवून हो म्हण, हो म्हण असं खुणावत होता. गेले कित्येक दिवस तो धड जेवत नव्हता. मलाही तो पाळणा बघवत नव्हता. हो म्हणायला किती वेळ लागतो?

"नळ पुढच्या वर्षी," मी म्हणाले. "येऊ नकोस."

"आजी—"

"येऊ नकोस म्हणते ना. त्यालाच पाठवते तिकडे, रविवारी. चिमीचे कपडे इथे राहिलेत ते देते त्याच्याबरोबर. आणि बॅग पूर्ण रिकामी कर, पोरी. कपाट मागून घे आईकडून एखादं."

पलीकडून आता चिमीच बोलत होती. मी फोन नातवाच्या हातात दिला आणि कागद शोधायला आत गेले. तुरुंगाला अर्ज लिहायचा होता.